त्रेसष्ट नंबरच्या बूथची कुंडली

भाईसाहेबांनी माझ्या रिपोर्टचं पान उलटलं आणि एका लाल ओळीवर बोट ठेवलं. समोर सात माणसं बसली होती. आठवा मी. मांडीवर रिकामी फाइल घेऊन कौतुकाची वाट बघत होतो.

"ये कुसुम दीदी वाला बूथ है ना?" भाईसाहेबांनी विचारलं.

"जी. त्रेसठ नंबर. बरखेडा, स्कूल वाला."

"हर बार जीते यहाँ से. और पिछली बार ऐसे पिटे?"

"आँकड़े तो यही बोल रहे हैं, भाईसाहब," मी म्हणालो. आणि नम्र दिसावं म्हणून चष्मा पुसला.

शेजारी तिवारीजी होते. ते भाईसाहेबांचं ऑफिस सांभाळतात. मान हलवत ते म्हणाले, "हम तो शुरू से कह रहे थे." तिवारीजी प्रत्येक गोष्ट सुरुवातीपासूनच सांगत असतात. फक्त ती होऊन गेल्यावर.

भाईसाहेबांनी पेन उचललं. टेबलावर माझ्या रिपोर्टशेजारी दुसरा एक कागद होता, त्यावर तीन बायकांची नावं होती. मधल्या नावावर त्यांनी एक रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "टेंबे साहब, आपने आँखें खोल दीं."

त्या दिवशी मी घरी तरंगतच आलो.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. भाईसाहेब म्हणजे आमच्या भागाचे माजी आमदार. एकदा निवडून आले आणि मागच्या वेळी थोडक्यात पडले. पडलेल्या आमदाराला भोपाळात सगळे 'विधायकजी'च म्हणत राहतात, त्यामुळे आपण पडलोय हे त्याला उशिरा कळतं. यांना मात्र लवकर कळलं. कुठे चुकलं ते शोधायचं त्यांनी मनावर घेतलं आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं.

मी सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आमचं घराणं मूळचं उज्जैनचं, पण वडिलांपासून नोकरी भोपाळला, आणि माझी पस्तीस वर्षं तर आकड्यांच्या रकान्यांतच गेली. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाणं, दुपारी झोपणं आणि संध्याकाळी बायकोच्या कामात सुधारणा सुचवणं एवढाच उद्योग उरला होता. त्यामुळे भाईसाहेबांनी, "साहब, इस सीट की पूरी कुंडली बना दीजिए, शुरू से," असं म्हटल्यावर माझ्यापेक्षा आमच्या मंगलला जास्त आनंद झाला.

सीट म्हणजे विधानसभा मतदारसंघ. त्याचं नाव सांगत नाही. हरलेल्या माणसाचा पत्ता देऊ नये. पण त्याची कुंडली खरोखर वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला त्यात गावंच जास्त होती. शेतं, विहिरी आणि पाटलांच्या शब्दावर पडणारी मतं. मग सरकारी कारखाना आला. त्याच्यामागून क्वार्टर्स आल्या आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं आली. मतं आता पाटलाच्या ओसरीऐवजी युनियनच्या गेटसमोर ठरायला लागली. मग शहर वाढत वाढत येऊन कारखान्याला चिकटलं. कॉलन्या आल्या, आणि त्यांतली मतं कुठे ठरतात हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. नाव मात्र पहिल्यापासून एकच.

इथेच पहिला खड्डा असतो. दर काही वर्षांनी मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखतात. त्याला परिसीमन म्हणतात. नाव तेच राहतं, पण आतल्या वस्त्या इकडच्या तिकडे होतात. भोळा माणूस जुन्या निकालाशेजारी नवा निकाल ठेवतो आणि म्हणतो, बघा, लोकांनी कौल बदलला. कौल बदललेला नसतो. लोकच बदललेले असतात.

मी भोळा नव्हतो. परिसीमनाच्या आधीचा एकेक बूथ मी इमारतीच्या नावावरून शोधला. कुठली शाळा, कुठलं पंचायत भवन, आता ते हद्दीच्या आत की बाहेर. दोन महिने जुने नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरलेले होते आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवत होतो. भाईसाहेबांच्या बैठकीत परिसीमनावर मी त्या सात जणांना वीस मिनिटं शिकवलं. "नाम पे मत जाइए, इलाका देखिए," असं मी बोट वर करून म्हणालो. एक जण लिहूनसुद्धा घेत होता.

परिसीमनानंतरच्या चार निवडणुकांचं काम सोपं होतं, असं मला वाटलं. हद्द एकच होती. मग बघायचं काय?

निकालानंतर निवडणूक कार्यालय एक तक्ता काढतं, त्याला फॉर्म ट्वेंटी म्हणतात. डावीकडे बूथचा क्रमांक आणि पुढे प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं. बूथ कुठल्या इमारतीत होता हे त्या तक्त्यात नसतं; त्याची यादी वेगळी मिळते. ती यादी मी आणली होती. पिशवीत होती. पिशवी खुंटीला होती. मला मुलीने फोनवर एक्सेलमधली एक युक्ती शिकवली होती: क्रमांक सांगितला की एक्सेल चारही तक्त्यांतून त्या क्रमांकाची मतं उचलून एका ओळीत आणून ठेवतं. मी क्रमांक सांगितले. एक्सेलने आणून ठेवलं. सगळं काम एका दुपारीत झालं. जिथे आपण सतत जिंकत होतो आणि शेवटी हरलो, ती ओळ लाल करायची असं मी ठरवलं. त्रेसष्ट सगळ्यांत लाल झाला.

इथपर्यंत ही नुसती चूक होती. पुढे मी जे केलं तो आगाऊपणा.

सरकारी नोकरीत मला कधी मत मांडता आलं नाही. प्रत्येक टिपणीच्या शेवटी 'आदेशार्थ प्रस्तुत' लिहायचं आणि फाइल वर ढकलायची. पस्तीस वर्षांचं साचलेलं मत माझ्या पोटात होतं. म्हणून तक्त्याला मी शेवटी एक रकाना जोडला: टिप्पणी. त्रेसष्टपुढे लिहिलं, 'अचानक उलटफेर. प्रभारी की भूमिका संदिग्ध.' आणि त्याच्या पुढे, वाचणाऱ्याला गोडी वाटावी म्हणून, एक शब्द: 'भितरघात?'

भितरघात म्हणजे आपल्याच माणसाने आतून केलेली दगाबाजी. आमच्याकडच्या राजकारणात कुणी हरला की आधी हाच शब्द बाहेर येतो. प्रश्नचिन्ह मी टाकलं होतं, ते खरं. पण प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही.

त्रेसष्टची प्रभारी, म्हणजे मतदानाच्या दिवशी तिथे पक्षाचं टेबल लावून मतदार आणणारी, होती कुसुम वानखेडे. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. नाव भाईसाहेबांच्या ऑफिसमधल्या प्रभारींच्या जुन्या यादीतून उतरवलं होतं. महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती, तो वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता, आणि पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, तिकिटासाठी वर पाठवायच्या तीन नावांत तिचं नाव होतं हे मला त्या रेघेनंतर कळलं. कळल्यावर वाईट वाटलं का? खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटला. माझ्या रिपोर्टवर पहिल्यांदाच काहीतरी कारवाई झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर बेल वाजली. मंगलने दार उघडलं. बाहेर साठीच्या आसपासची एक उंच बाई. कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्यावर कापडी पिशवी.

"टेंबे भाऊ इथंच राह्यतात का जी? मी कुसुम वानखेडे. बरखेड्याहून आली."

मंगल कौतुकाने म्हणाली, "या ना! यांच्या ओळखीच्या का?"

"नाही जी. यायनं मले ओळखते म्हणून लिहून देल्लं, म्हणून पाहाले आली."

मी आतल्या खोलीत होतो. तिथून गच्चीवर जायला जिना नाही, नाहीतर गेलो असतो.

ती बसली, पाणी प्यायली. आवाज चढवला नाही. तेच अवघड होतं. म्हणाली, "भाऊ, सहा निवडणुका मी त्या बूथवर टेबल लावलं. सासू वारली त्याच्या चौथ्या दिवशीसुद्धा. परवा मी तिवारीजीच्या बायकोच्या दुकानात गेली तं तिनं तोंड फिरवलं. काल एकानं फोन करून इचारलं, दीदी, तुम्ही असं काहून केलं? म्या म्हटलं, काय केलं? तं तो म्हणे भितरघात. कागद पाहिला तं तुमचं नाव. तुमी मले एकच सांगा. म्या काय केलं?"

"ताई, मी काही म्हटलेलं नाही," मी म्हणालो. "आकडे आहेत ते. आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे."

"प्रश्नचिन्हाले लोकं घाबरतात का?"

मंगल कपबशा ठेवायला आली होती. ती जरा जास्तच हळू ठेवायला लागली.

मी लॅपटॉप उघडला. मला वाटलं, आकडे दाखवले की बाई गप्प बसेल. अशा वेळी मी मास्तरासारखा बोलतो. "हे बघा ताई, ही परिसीमनानंतरची पहिली निवडणूक. त्रेसष्ट नंबर. आपण पुढे. ही दुसरी, पुढे. तिसरी, पुढे. आणि ही शेवटची."

तिने वाकून बघितलं. शेवटच्या निवडणुकीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मतदान किती झालं म्हणता इथं?"

मी आकडा सांगितला.

ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदा हसली. "भाऊ, माझ्या बूथवर एवढी माणसंच नाहीत. अर्ध्या क्वार्टर्सले कुलूप आहे. हे कोणाचं घर आणलं तुमी माझ्या नावावर?"

"नंबर त्रेसष्टच आहे, ताई."

"नंबर तोच असन, पण मागच्या बारीले माझा नव्हता तो. रिव्हिजन कोणती?"

मला कळलं नाही. तिने मग समजावून सांगितलं, आणि आता मास्तर ती होती. कुसुमताई कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईने तंतोतंत उतरवायचं, हे ट्रेसरचं काम. "आमच्या इथं ड्रॉइंगचा नंबर तोच राह्यते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात रिव्हिजन लिहिलेली राह्यते. एखादं भोक दोन मिलिमीटर सरकलं का नवी रिव्हिजन. नंबर पाहून जुन्या कागदावर माल कापला का अख्खा लॉट भंगारात. पहिल्या दिवशी साहेबानं हेच शिकवलं: नंबर पाहू नको, कोपरा पाहा. तुमच्या या कागदाले कोपरा कुठं आहे?"

माझ्या कागदाला कोपरा नव्हता. कोपरा पिशवीत होता आणि पिशवी खुंटीला होती.

मी उठून यादी काढली नाही. लाज वाटली म्हणा, किंवा अजून आशा होती म्हणा. मी म्हणालो, "चला, केंद्रच बघून येऊ." स्कूटर काढली. कुसुमताई पिशवी सांभाळत मागे बसल्या.

बरखेड्याला ती शाळा एका मोठ्या कडुलिंबामागे आहे. मधली सुट्टी होती, पोरं धावत होती. निवडणुकीआधी कर्मचारी प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर क्रमांक रंगवून जातात. पुढच्या वेळी त्यावर चुना मारतात आणि नवा क्रमांक रंगवतात. चुना इकडे पातळ मारतात. भिंतीवर ठळक निळा आकडा होता: एकाहत्तर. त्याच्या खालून, पांढऱ्या थराआडून, अजून ओळखू येत होता त्रेसष्ट.

मी भिंतीपुढे उभा राहिलो. एक मुलगी डबा खात होती. तिने विचारलं, "अंकल, क्या देख रहे हो?"

मी स्कूटरकडे वळलो.

घरी येऊन यादी उघडली. जे झालं होतं ते इतकं साधं होतं की रडावं की हसावं कळेना. एका बूथवर मतदार ठरावीक संख्येच्या वर गेले की त्याचे दोन बूथ करतात. मतदारसंघाच्या वरच्या टोकाला नव्या कॉलन्या झाल्या होत्या, तिथे मागच्या निवडणुकीच्या आधी आठ बूथ वाढवले. क्रमांक वरूनच सुरू होतात. त्यामुळे त्यांच्या खालचे सगळे आठ-आठ घरं सरकले. आधीच्या तीन निवडणुकांत असं झालं नव्हतं, म्हणून तिथे माझं गणित जमलं. नव्या यादीत त्रेसष्ट म्हणजे त्या आठांतलाच एक: लिफ्ट असलेल्या दोन इमारती आणि त्यांचं क्लब हाउस. कुसुमताईंनी तिथे पाऊलही टाकलेलं नव्हतं.

आणि हे नुसतं त्रेसष्टचं नव्हतं. माझ्या तक्त्याचा खालचा सगळा भाग दुसऱ्यांच्या घरात शिरून बसला होता. मी ज्यांना 'वफादार' असा शेरा दिला त्यांतले निम्मे पडलेले होते. जिथे 'विशेष ध्यान' लिहिलं तिथे आपण आरामात जिंकलो होतो. परिसीमनाच्या मोठ्या खड्ड्यापाशी मी पाटी लावली होती, बोट वर करून व्याख्यान दिलं होतं, आणि तसाच मागे सरकत त्याच जातीच्या छोट्या खड्ड्यात पडलो होतो.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. बूथचा नंबर फक्त दोघांना पाठ असतो: जो तिथे टेबल लावतो त्याला, आणि एक्सेलला. बाकी सगळे 'स्कूल वाला', 'टंकी वाला', 'शर्माजी की गली वाला' असंच म्हणतात. बैठकीत सात जणांनी नंबर बघितलाच नाही. त्यांनी लाल रंग बघितला.

मंगल म्हणाली, "आता काय करणार?"

"दुरुस्त करून फाइल पाठवतो भाईसाहेबांना. एक ओळ लिहितो, तांत्रिक त्रुटी."

कुसुमताई अजून बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत प्रत्येक निवडणुकीच्या मतदारयाद्या होत्या, समासात लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या. कोण वारलं, कोण मुलाकडे पुण्याला गेलं, कोण निवृत्त होऊन क्वार्टर सोडून अवधपुरीच्या नव्या वस्तीत प्लॉटवर राहायला गेलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाठवू नका भाऊ. सांगा. सात लोकाइपुढं म्हटलं नं? मंग त्या सातांपुढंच म्हणा. आणि तांत्रिक-फांत्रिक नका म्हणू. त्यायले समजन असं म्हणा."

"ताई, माझी अब्रू..."

"माझीबी होती जी," त्या म्हणाल्या.

मंगलने माझी इस्त्रीची पँट काढून ठेवली. आमच्या घरात निर्णय असे होतात.

ते सातही जण पुन्हा एकत्र यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी सगळा तक्ता इमारतींच्या नावांवरून पुन्हा जुळवला. कुसुमताई दुपारी येऊन बसत. मी शाळेचं नाव वाचायचो, त्या सांगायच्या की त्यात कुठल्या गल्ल्या येतात. एकदाही चुकल्या नाहीत. त्यांच्या बूथची ओळ लागली तेव्हा मी दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा.  

बैठकीत भाईसाहेब खुशीत होते. "आइए टेंबे साहब! और कौन-कौन गद्दार निकला?"

मी उभा राहिलो. कुसुमताई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना बघून तिवारीजींनी खुर्ची जरा सरकवली.

"भाईसाहब, गद्दार मैं निकला," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. नंबर, आठ नवे बूथ, भिंत, चुना. तांत्रिक हा शब्द वापरला नाही. "मैंने दीदी के नाम के आगे किसी और का बूथ रख दिया. बिना देखे. और उस पर टिप्पणी भी लिख दी."  त्या दिवशी परिसीमनाच्या व्याख्यानाच्या नोट्स घेणारा मनुष्य आजही लिहून घेत होता. त्याने विचारलं, "तो नाम पे नहीं जाना, नंबर पे भी नहीं जाना. फिर जाना किस पे है, सर?"

सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

तिवारीजी मात्र हसले नाहीत. त्यांना गुन्हेगार हवाच होता. "अच्छा, तो ये जो असली त्रेसठ है, नई कॉलोनी वाला, उसका प्रभारी कौन था?"

भाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे. "कोई नहीं था. नए आठों बूथ पर किसी को लगाया ही नहीं गया."

"लगाना किसको था?" भाईसाहेबांनी विचारलं.

 प्रभारी नेमायचं काम ऑफिसचं. ऑफिस म्हणजे कोण, ते सांगून झालेलं आहे. तिवारीजी म्हणाले, "चाय मँगवाता हूँ," आणि स्वतःच आणायला गेले.

भाईसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "तो दीदी का असली बूथ? वहाँ क्या हुआ?"

याची मी वाट बघत होतो. "भाईसाहब, वो अपन कभी नहीं हारे. एक बार भी नहीं. जब से हिसाब मिलता है तब से. आपकी पूरी सीट में ऐसा दूसरा कोई बूथ नहीं है."

खोलीत सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कुसुमताई पदराच्या टोकाची घडी घालत होत्या. मला वाटलं, झालं. आता ती रेघ खोडली जाणार. भाईसाहेब खरोखर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "दीदी, माफ़ करना. मुझसे पाप हो गया." अगदी मनापासून म्हणाले. मग बसले आणि माझ्या नव्या तक्त्यातली ती ओळ स्वतः वाचायला लागले. त्यांचं बोट डावीकडून उजवीकडे सरकलं आणि एकूण मतदानाच्या रकान्यावर थांबलं.

"इतने ही वोट?"

 दर निवडणुकीला तो आकडा खाली येत गेला होता. कारखान्यात पूर्वीइतकी माणसं राहिली नव्हती. निवृत्त झाला की क्वार्टर सोडायचं, आणि त्यात नवा कुणी यायचा नाही. कुसुमताईंच्या याद्यांमधल्या लाल खुणा म्हणजे तोच आकडा, एकेका नावाने.

"सब अवधपुरी चले गए, भैया," कुसुमताई म्हणाल्या. हिंदीत त्यांचा आवाज वेगळाच लागायचा, जरा ऑफिसातला. "जो बचे हैं, वो सब देते हैं."

भाईसाहेबांनी रकान्यावरचं बोट उचललं. मग हळू म्हणाले, "दीदी, आपका बूथ तो मंदिर है. लेकिन टिकट में तो गिनती चलती है ना." पेन टेबलावरच राहिलं. चहा आला. विषय बदलला.

तिकीट त्याच वॉर्डातल्या अवधपुरीच्या एका बाईंना मिळालं. बाईंना बूथ चालवायचा अनुभव नव्हता, पण त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुसुमताईंच्या अख्ख्या बूथपेक्षा जास्त माणसं होती. म्हणजे पहिल्यांदा माझ्या चुकीच्या आकड्याने कुसुमताईंचं नाव कापलं, आणि दुसऱ्यांदा बरोबर आकड्याने. दोन्ही वेळा तक्ता माझाच.

त्या दिवशी बैठकीतून निघालो तेव्हा मी स्कूटरला किल्ली लावली, पण ती फिरवायचा धीर होईना. म्हणालो, "ताई, मी उगाच तुम्हाला आशा लावली."

"नाही जी," त्या मागे बसत म्हणाल्या. "पयल्या बारीले माझं नाव गेलं तं कागदावर माझी चूक लिहिली होती. आता गेलं तं चूक कोणाचीच नाही, माणसंच राह्यली नाहीत. ते चालते. ते मी सांगू शकतो लोकाइले." थोडं थांबून म्हणाल्या, "तिवारीजीच्या बायकोच्या दुकानापाशी गाडी थांबवा जरा. मले साखर घ्याची आहे."

मी थांबवली. त्या आत गेल्या आणि चांगला पाव तास आतच होत्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा हातात साखर होती.

भाईसाहेबांनी माझा सुधारलेला रिपोर्ट पूर्ण वाचला असेल असं वाटत नाही. पहिला सातही जणांनी शेवटपर्यंत वाचला होता, कारण त्यात टिप्पण्या होत्या. तो रकाना मी आता काढून टाकला आहे. अजून अशी कामं येतात, आणि मी करतोही. पण कुणाच्या बूथबद्दल ओळ लिहिण्याआधी मी त्या शाळेच्या भिंतीपर्यंत जाऊन येतो. गुडघे दुखतात. एक्सेलला गुडघे नाहीत, सगळी अडचण तिथेच आहे.